माहिती आमची गळाली, दंड सरकारजमा

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडच्या माणसाला वडिलांचे पूर्ण नाव, कोणता डोळा, विम्याच्या क्लेमचा नंबर, सगळे ठाऊक होते. ‘‘काका, क्लेम अडकलाय, ओटीपी आला असेल तेवढा सांगा.’’ डोळ्यांत थेंब घातलेले, अक्षर दिसेना, म्हणून वडिलांनी नातीला मेसेज वाचायला लावला. खाते रिकामे झाले. ती दहा वर्षांची पोर आजही समजते की चूक तिचीच.

नातेवाईक म्हणाले, ओटीपी सांगायचाच कशाला? क्लेमचा नंबर त्या माणसापर्यंत पोचला कसा, हे मात्र कोणी विचारले नाही. म्हणून मी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ वाचायला घेतला.

त्यात चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणे बंधनकारक आहे. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण कळल्यावर त्या माणसाने करायचे काय? कलम ३४ सांगते की दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होईल. ज्याचे नुकसान झाले, त्याला त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ आहे. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने निष्काळजीपणा केला, तर त्याखाली भरपाई मागता येते. नवा कायदा तेच कलम काढून टाकतो. शिवाय या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाला हात घालता येणार नाही, असे कलम ३९ म्हणते. याच कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात तो कलम ८२ मध्ये आजही आहे. आपल्याकडे तो गळाला का, याचे उत्तर मला हवे आहे.

आणि एक गोष्ट मनाला फार लागली. तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! वडिलांची माहिती रुग्णालयातून गेली, विमा कंपनीतून गेली की मधल्या एजंटाकडून, हे ते कशाच्या आधारे सिद्ध करणार? नोंदी तिघांच्या ताब्यात, आणि सिद्ध करायचे मात्र निवृत्त शिक्षकाने. भरपाई नाही, वर दंडाची टांगती तलवार. अशाने तक्रार करायला कोण पुढे येईल?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मोडला तर दाद मागण्याची जागाही हवी ना?

नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. ४३-अ सुद्धा त्याच मुदतीनंतर जाणार. माझे मागणे एवढेच आहे: त्याआधी दुरुस्ती विधेयक आणा. पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार मंडळाला द्या, माहिती आपल्याकडून फुटली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाका, आणि तक्रारदारावरचा तो दंड काढून टाका.

आपली,
एका निवृत्त शिक्षकाची मुलगी