मंत्रिमहोदय, विमान नंतर आणा, आधी आमच्या बोटीत जॅकेट ठेवा

मा. मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपण शहाद्याला येऊन नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यावर सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, उतरवायची घोषणा करून गेलात. टाळ्याही चांगल्या पडल्या म्हणे. मी तेव्हा दवाखान्यात बायकोच्या प्लास्टरशेजारी बसलो होतो. काठावरच्या पाड्यात लेकीकडे गेली होती, उतारावर घसरली, नडगी मोडली. बोट अॅम्ब्युलन्स बंद. का, तर डिझेल नाही! मग बांबूच्या झोळीतून काठापर्यंत आणि तिथून मच्छीमाराच्या बोटीत. ऐन मध्यात इंजिन बंद पडलं. बोटीत जॅकेट एकच, तेही इंजिनवाल्याच्या बुडाखाली. मागितल्यावर दिलं बिचाऱ्याने. चेन तुटलेली, आतला फोम उंदरांनी कुरतडलेला. 2019 च्या संक्रांतीला भुषाजवळ बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून प्रत्येक बोटीला जॅकेट मिळणार असं ऐकतोय.

आता विमानाचं. 31 ऑक्टोबर 2020 ला याच धरणाच्या पायथ्याशी, केवडियात, ते वाजतगाजत सुरू झालं. महिनाभरातच दुरुस्तीला मालदीवला गेलं आणि एप्रिल 2021 मध्ये बंद पडलं. विमान म्हणे पन्नास वर्षांचं! त्याच्यासाठी तिथल्या तलावातल्या मगरी मात्र पिंजरे लावून दुसरीकडे हलवल्या होत्या. मगरींचं पुनर्वसन वेळेत झालं, साहेब. आमच्या बुडालेल्या 33 गावांतली माणसं अजून यादीत नाव शोधताहेत.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, वाचायची खोड आहे म्हणून सांगतो. पाण्यावर विमान उतरवणं धावपट्टीइतकं सोपं नाही. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर आपण किती उंचीवर आहोत याचा पायलटलाच अंदाज येत नाही. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानाची चाकं चुकून खाली राहिली, तर ते पाण्याला टेकताच नाकावर उलटतं. वाऱ्याने विमानाखालचा एक तरंडा आधी टेकला तरी तेच. 20 मे 2019 ला अलास्कात मेटलाकाटला बंदरात उतरताना असंच एक छोटं बीव्हर विमान उलटलं. पायलट आणि एकुलता एक प्रवासी दोघेही गेले.

आणि माणसं बऱ्याचदा आपटून मरत नाहीत, आत अडकून बुडतात. उलट्या विमानात पट्ट्याला लटकलेला माणूस, दार उघडत नाही, घाबरून आतच जॅकेट फुगवलं तर ते त्याला दारापासून वर ढकलतं. कॅनडात 2009 मध्ये सॅटर्ना बेटाजवळ उडताच पाण्यात पडलेल्या बीव्हरमधल्या आठांपैकी सहा जण आत अडकूनच बुडाले. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने सहज ढकलून निघणाऱ्या खिडक्या लावायला सांगितलं. तिकडे निदान चौकशी होऊन शिफारस तरी येते. इकडे चौकशी समितीचाच अहवाल बुडतो.

आमच्या फुगवट्याची तर तऱ्हाच वेगळी. पाणी 138.68 मीटरपर्यंत चढतं, उन्हाळ्यात उतरतं, की बुडालेल्या झाडांचे शेंडे आणि टेकड्यांची टोकं वर येतात. शिवाय मच्छीमारांची जाळी. हे सगळं रोज कोण तपासणार, तलाठी? विमान उलटलंच तर पाणबुडे कुठून येणार? नंदुरबारहून काठावर पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो.

धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के, आणि ज्यांची घरं त्यात गेली त्यांच्या पाड्यावर कंदील. रस्ता मागितला तर वनखातं आडवं येतं, डॉक्टर मागितला तर पद रिक्त, पद भरलं तर साहेब रजेवर. कागदावर मात्र तालुका भलताच पुढे! तुम्हाला वरून बघायला नर्मदा सुंदर दिसेल यात शंका नाही. सरकारने आम्हाला नेहमी वरूनच बघितलंय. माझी बायको अजून कुबडीवर आहे. ती अहिराणीत म्हणाली, "त्यासले सांगा, आमले इमान नको, डॉक्टर धाडा."

बोट अॅम्ब्युलन्सचं डिझेल याच महिन्यात सुरू करा. प्रत्येक बोटीला धड जॅकेटं द्या आणि काठावर दोन तरी प्रशिक्षित पाणबुडे ठेवा. तोपर्यंत विमानाची निविदा काढू नका. काढलीतच तर पहिल्या फेरीला आपणच बसा, आणि येण्याआधी पाण्याखाली उलटं लटकून पट्टा सोडवायचा सराव करून या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. अक्राणी, जि. नंदुरबार