मे महिन्यात या, पण तीन आठवड्यांसाठी

गॉटिंगेन (जर्मनी), रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा "तुझं तू बघ" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून आईला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

मी हॉस्टेलच्या खोलीचा करार वाढवून घेतला आहे. सही करून झाली. उन्हाळ्यात मोठं घर घेऊन तुम्हाला तीन महिने माझ्याकडे ठेवायचं आपण बोलत होतो, ते या वर्षी जमणार नाही. तुम्ही मे महिन्यात या, तीन आठवडे राहा. माझ्याच रस्त्यावर एक खोली बघून ठेवली आहे, तळमजल्यावरची. आईला एकही जिना नाही. स्वतंत्र न्हाणीघर आहे, छोटा ओटा आहे, आणि बादली-तांब्या मी आत्ताच आणून ठेवलाय.

आता का, ते सांगते. इथे बाहेर घर घ्यायचं तर तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागतात. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचा जोड, ओटा-शेगडी आपली आपण बसवायची. हॉस्टेलच्या भाड्यात हीटर, वीज, इंटरनेट सगळं येतं, आणि सायकलवरून लॅब अगदी जवळ. एकदा खोली सोडली की पुन्हा यादीत शेवटी उभं राहावं लागतं. प्रबंधाचं वर्ष आहे, मला आत्ता घर हलवायचं नाही. दादाकडून पैसे घे असं म्हणू नकोस आई. त्याच्यावर आधीच काय आहे ते तुला माहीत आहे.

"आई-बापांना कोण पाहुणे म्हणतं?" असं तू विचारलंस, ते मनातून जात नाही. मीही म्हणत नाही गं. पण खोली एका माणसाच्या नावावर असते. करारात लिहिलंय की कुणी चार-दोन रात्री राहिलं तर चालतं, त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर आधी परवानगी. आमच्या मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर आहे. प्रत्येकीने आपली माणसं महिना-महिना ठेवली तर फ्रीजमध्ये दुधाची पिशवीसुद्धा मावणार नाही. आणि आग लागली तर इमारतीत कोण-कोण आहे हे माहीत असावं लागतं. मला हा नियम पटतो. शिवाय माझा पलंग एकट्यापुरता आहे, बाबा खाली गादीवर झोपले तर त्यांची कंबर धरेल, आणि मग मला रात्रभर झोप लागणार नाही.

दिवसा मात्र तुम्ही माझ्याकडेच असाल, तेव्हा इथल्या रीती आत्ताच सांगून ठेवते. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळायची. रविवारी आणि सणाच्या दिवशी दिवसभर. म्हणजे रविवारी मिक्सर नाही, खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कचरापेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळकन फुटतात. बाबा, तुम्हाला हे जाचक वाटेल. पण माझ्या बारावीच्या वर्षी पहाटेची भूपाळी तुम्ही अंगणात जाऊन, ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायचात. मी पांघरुणातून खिडकीतून बघायचे तुमच्याकडे, थंडीत मफलर गुंडाळून उभे. कुणी न सांगता तुम्ही माझ्यासाठी जे करत होतात, तेच इथे एका मजल्यावरची अनोळखी मुलं एकमेकांसाठी करतात. शेजारच्या खोलीत कुणाची तरी परीक्षा असतेच.

दुसरं, धूर. याबाबतीत मी अजिबात ऐकणार नाही. प्रत्येक खोलीच्या छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. उदबत्ती, धूप, कापूर, निरांजन, काही म्हणजे काही पेटवायचं नाही. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधणं हा तर मोठाच गुन्हा धरतात. भोंगा वाजला की मध्यरात्रीसुद्धा सगळ्यांनी कपड्यानिशी खाली अंगणात उतरायचं, आणि बंब नाहक आला तर खर्च ज्याच्यामुळे आला त्याच्या अंगावर पडू शकतो. इतके लोक एका जिन्याने उतरणार, म्हणून हा कडकपणा, आणि तो आहे म्हणून मी रात्री निर्धास्त झोपते. आई, तुझा नित्यनेम चुकणार नाही. गणपतीला फूल वाहते मी, आणि बॅटरीवरची समई लावते. तू आलीस की तूही तसंच कर, देवाला चालतं. मिरचीची फोडणी द्यायची तर पंखा सुरू करून, खिडकी उघडून आणि स्वयंपाकघराचं दार लावूनच. नाहीतर ठसका थेट मजल्याच्या टोकापर्यंत जातो.

खिडकीवरून तुझं-माझं भांडण होणार हेही मला माहीत आहे. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि मग लावून घ्यायच्या. बाहेर गारठा असला तरी. नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून कापतात. तू शाल घेऊन बस, मी चहा करते.

खोलीचं दार नुसतं ओढलं की कुलूप लागतं. बाबा, किल्ली कायम खिशात. कुलूपवाल्याला रात्री बोलावलं तर तो भरमसाट घेतो.

आता सामान. तूप, पेढे, खवा, श्रीखंडाच्या वड्या, काही आणायचं नाही. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. आपल्या घरचं तूप कचऱ्यात गेलेलं तुला बघवणार नाही. मी इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवते, छान रवाळ होतं. कढीपत्ता नको, आंबे नकोत. नारळ चालतो, पण तो इथेही मिळतो, ओझं कशाला? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आण, आणि सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी. चटणी जास्त आण, मजल्यावरची एक इराणी मैत्रीण पोळीसोबत मागून खाते.

औषधं मात्र पेटीत टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. बी.पी.च्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. इथे चिठ्ठीशिवाय ती गोळी देत नाहीत. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, व्हिसासाठीच. आधीचे आजार धरले आहेत का, हे एजंटला दोनदा विचारा आणि लिहून घ्या. आईची साखर पुन्हा तपासा. बाबा, "मला काही होत नाही" हे वाक्य या वेळी नको.

बाबा, मला इथे धाडताना आजी अडून बसली होती, तेव्हा तुम्ही तिला इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सांगितलीत, 1928 मध्ये त्या शिकायला बर्लिनला गेल्या म्हणून. आजीने मग काही न बोलता माझ्या हातात डबा दिला होता. ते मी विसरलेली नाही. या गावात डॉक्टरेट मिळाली की बाजारचौकातल्या कारंज्यावर चढून हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घ्यायची पद्धत आहे. माझी पाळी येईल तेव्हा तुम्हाला पुन्हा बोलावणार आहे, आणि तेव्हा प्रबंध मागे नसेल, हवे तितके दिवस राहा. म्हणून आत्ताचे तीन आठवडे मनाला लावून घेऊ नका.

दादाला सांगून व्हिसाची वेळ लवकर घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मेच्या आसपास गर्दी उसळते. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असायला हवा. आईचा कधी संपतो ते आजच कपाटातून काढून बघा आणि मला कळवा.

तुमची,
मनू