‘घर बंद’ या नोंदीचा अर्थ शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

अंमलबजावणी संशोधनाचे, म्हणजे गुणकारी ठरलेले उपचार लोकांपर्यंत प्रत्यक्षात कसे पोहोचतात हे तपासण्याचे, प्रशिक्षण आपल्याकडे पूर्ण करून मला दोन वर्षे झाली. आपले आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले. ते आज जाहीरपणे मानते आहे, कारण आपण जे शिकवलेत ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्याही कानी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

औषध गुणकारी आहे की नाही हे तपासणे म्हणजे संशोधन, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी आपण टायफॉइडच्या लसीचे उदाहरण घेतलेत. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी टायफॉइड कॉन्जुगेट लशीची मोहीम घेतली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत ही लस देण्याची जगातील ती पहिलीच वेळ होती आणि पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. लस चांगली आहे हे आधीच ठाऊक होते. पण ती किती मुलांपर्यंत पोहोचली, कोणती मुले राहिली आणि त्यासाठी खर्च किती आला, हे प्रश्नही तितकेच शास्त्रीय आहेत, हे मला त्या दिवशी उमगले. मी कोपरखैरण्यात वाढले, तरी आपल्याच शहरातल्या या कामाकडे तोवर त्या नजरेने पाहिले नव्हते.

माझा विषय होता क्षयरोग प्रतिबंधक उपचार. फुप्फुसाचा क्षयरोग असलेल्या रुग्णाच्या घरातील माणसांना, त्यांना स्वतःला क्षयरोग नाही याची खात्री करून, हे औषध दिले जाते; आमच्या कामात ती सहा महिने रोज घ्यायची आयसोनियाझिडची गोळी होती. तुर्भ्यातील एका वस्तीच्या नोंदवहीत अनेक घरांपुढे ‘घर बंद’ असे लिहिलेले होते आणि मी ती सगळी घरे ‘असहकार्य’ या रकान्यात टाकून मोकळी झाले होते. आपण तो शब्द पेन्सिलीने खोडलात आणि एवढेच म्हणालात, “एकदा त्या दाराशी जाऊन या.”

मी त्या वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर सकाळी अकरा वाजता गेले. दार बंद नव्हतेच, नुसते लोटलेले होते. आत चटईवर डोळ्यांवर पंचा टाकून एक माणूस झोपला होता आणि त्याची बायको उंबऱ्यातूनच हलक्या आवाजात सांगत होती की, ते रात्रभर मार्केटमध्ये गाड्या खाली करून आत्ताच टेकले आहेत, त्यांना उठवू नका. ताईंनी मान डोलावली आणि वहीत लिहिले, ‘घर बंद’. त्या गल्लीत भाजी मार्केटमध्ये रात्रपाळी करणारे माथाडी कामगार राहतात, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

गोळीत खोट नव्हती आणि माणसांतही नव्हती. आमची वेळ चुकत होती. भेटीची वेळ दुपारी साडेचारची करावी ही सूचना ताईंचीच, आणि त्यानंतर त्या गल्लीतल्या माणसांशी निदान समोरासमोर बोलणे होऊ लागले. काहींनी तरीही गोळी घेतली नाही. पण तो त्यांनी स्वतः विचार करून दिलेला नकार होता आणि त्याची कारणे आम्हाला लिहून घेता आली. स्वीकारार्हता, व्यवहार्यता, ठरल्याबरहुकूम अंमल, टिकाऊपणा या कसोट्या मी पाठ केल्या होत्या, त्यांचा अर्थ मला त्या उंबऱ्यावर कळला.

अहवालावर आशाताईंचे नाव सहसंशोधक म्हणून घालावे, हा आपला आग्रह मला त्या वेळी थोडा अवघड वाटला होता. आज तो मी माझ्या प्रत्येक कामात पाळते. माझा मसुदा चार वेळा परत पाठवूनही आपण एकदाही आवाज चढवला नाहीत, याचेही ऋण आहे.

येत्या महिन्यात नव्या प्रशिक्षणार्थींची एक लहान तुकडी माझ्याकडे येत आहे. पहिल्या दिवशी मी त्यांना वर्गात बसवणार नाही, त्याच गल्लीत घेऊन जाणार आहे. ताई येणार आहेत. आपल्यालाही सवड झाली तर दुपारी साडेचारला जरूर यावे.

आपली विद्यार्थिनी,
कोपरखैरणे, नवी मुंबई