दगडाची भुकटी घ्या, पण तपासणीच्या कागदासह

संपादक महोदय,

‘खनिज पूरके लांबून कशाला मागवता? जवळच्या खाणीत ती पडूनच आहेत,’ असा सल्ला सेंद्रिय शेतीवरच्या लेखांतून वारंवार वाचायला मिळतो. जवळून घ्यावे, हे मलाही पटते. चुनखडी, जिप्सम, बेसाल्टची भुकटी हा माल जड आणि स्वस्त. तो हेक्टरी टनांच्या हिशेबाने लागतो, त्यामुळे अंतर वाढले की मालापेक्षा भाडे महाग पडते. पण जवळ मिळते ते आपल्या मातीला हवेच असते असे नाही, आणि लेख नेमके इथे गप्प बसतात.

चुनखडी आम्लधर्मी जमिनीला उपकारक, कारण ती सामू (pH, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी हे सांगणारा आकडा) वाढवते. सामू आधीच ८ च्या पुढे असेल तर तीच चुनखडी लोह, जस्त आणि स्फुरद (फॉस्फरस) पिकापासून आणखी दूर नेते. लाकडाच्या राखेचेही तेच. पालाश (पोटॅश) मिळतो म्हणून लोक ती सढळ हाताने पसरतात, पण तिच्यात पालाशापेक्षा कॅल्शियम कितीतरी जास्त असते. रॉक फॉस्फेटचा, म्हणजे स्फुरदयुक्त खडकाच्या भुकटीचा, उपयोग मुख्यतः आम्लधर्मी जमिनीतच. चुनखडीयुक्त जमिनीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

जिप्समची गोष्ट वेगळी. शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के गंधक असते, आणि सामान्य जमिनीचा सामू त्याने फारसा हलत नाही. चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या, जमिनीत त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेला पाहिजे. निचराच नसेल तर जिप्समचा खर्च वाया गेला म्हणायचा.

खडीक्रशरच्या भुकटीबद्दल तर फारच भाबडेपणाने लिहिले जाते. ग्रॅनाइटमध्ये पालाश असतो हे खरे, पण तो फेल्डस्पार या सावकाश झिजणाऱ्या खनिजामध्ये घट्ट अडकलेला असतो. बेसाल्ट त्या मानाने लवकर झिजतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह देतो, पण त्यात पालाश कमीच. शिवाय सारा खेळ बारीकपणाचा आहे. १ मिलिमीटरचा कण ०.१ मिलिमीटरपर्यंत दळला तर तेवढ्याच वजनाच्या मालाचा पृष्ठभाग दहापट होतो. क्रशरवरचा बराचसा माल वाळूसारखा भरड असतो. तो चाळून, मैद्यासारखा भाग तेवढा घ्यावा. जिप्सम म्हणून दिलेल्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. ती जोरात फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, हे घरबसल्या कळते.

मात्र जड धातू अशा घरगुती चाचणीत दिसत नाहीत. सर्पेंटाइन जातीच्या खडकात निकेल आणि क्रोमियम भरपूर असू शकते, कधी अॅस्बेस्टॉसही. काही रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असते. फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यातून बाहेर पडणारे फॉस्फोजिप्समही नुसते ‘जिप्सम’ म्हणून मिळू शकते. ते खाणीतले नव्हे, आणि त्यात किरणोत्सारी रेडियमचे अंश असू शकतात. प्रमाणित सेंद्रिय उत्पादकाने माल उतरवून घेण्याआधीच प्रमाणन संस्थेला विचारलेले बरे.

म्हणून खाणमालकांकडे आणि विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. खडक कोणता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश किती, जड धातू किती आणि चाळणीतून किती टक्के माल जातो, एवढे लिहिलेला प्रयोगशाळेचा कागद प्रत्येक खेपेसोबत द्यावा. एकट्याला चाचणीचा खर्च जड जातो, पण चार-सहा जणांनी मिळून एकाच खाणीचा नमुना तपासून घेतला तर कोणालाच ओझे होत नाही. आपल्या लेखकांनाही एक विनंती. कोणतीही भुकटी सुचवताना ती किती सामूच्या आणि कोणत्या प्रकारच्या जमिनीसाठी आहे, हे त्याच वाक्यात लिहावे. ती पसरताना तोंडाला मास्क लावून भुकटी ओली करून घ्यावी, हेही सांगावे. दगडातली बारीक सिलिका फुफ्फुसात गेली की बाहेर काढायचा उपाय नाही.

आपला,
एक सेंद्रिय उत्पादक वाचक