टाकी बांधायच्या आधी : गिरगावकरांना आणि सगळ्या मुंबईकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाडीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेले तारापोरवाला मत्स्यालय २०२० च्या टाळेबंदीत बंद झाले, ते काही पुन्हा उघडले नाही. इमारत धोकादायक ठरली आणि आता तिथे नवे, मोठे, 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे' मत्स्यालय उभारायचे बोलणे चालू आहे. तिकडे भायखळ्याला, राणीच्या बागेतही बोगद्याचे मत्स्यालय करायची महापालिकेची योजना आहे. बोगदा म्हणजे दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर पाणी, मधून आपण चालायचे, आणि वरून एखादा पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) किंवा मुशी (शार्क) सरकत गेली की सगळ्यांचे मोबाइल एकदम वर.

या योजनांबाबत आपल्या वाडीच्या गणेशोत्सव मंडळाच्या सर्वसाधारण सभेत बरीच वादावादी होऊन एक ठराव झाला. टाकीत कोणते प्राणी ठेवणार, ते कुठून आणणार, याची यादी आधी जाहीर करा, टाकी नंतर. आणि त्या यादीत समुद्रातून पकडून आणलेल्या शार्क, पाकट, समुद्री कासवे नकोत, परदेशातून आणलेले समुद्री पक्षी-प्राणी तर नकोतच. हे म्हणणे नीट, कागदपत्रांसह प्रशासनापुढे आणि लोकांपुढे मांडायचे तर आम्हाला मदत लागेल. पैशाची, वेळेची आणि डोक्याचीही.

मंडळ तारापोरवालावर उठले आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, एका पारशी दानशूराची देणगी त्यामागे होती, आणि गिरगावात वाढलेल्या माणसाने लहानपणी तिथल्या काचेला नाक लावले नाही असे होणे नाही. त्या काळी समुद्राच्या पोटात काय आहे हे पाहायला दुसरा मार्गही नव्हता. आज खोल पाण्यातले चित्रण शाळेच्या भिंतीवर दाखवता येते. तेव्हा जे चालून गेले ते आता, एवढा खर्च करून, नव्याने का करायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

घाई कशाची, असे काही जण विचारतात. घाई एवढ्यासाठी, की टाकी एकदा बांधली की ती भरावीच लागते. पेंग्विनचे आठवा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत, राणीच्या बागेत आले. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक दगावला. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांना खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिले पिल्लू जन्मले, त्याचे केवढे कौतुक झाले, आणि आठवड्याभरात ते गेले. पुढची पिल्ले जगली, संख्या वाढली, आणि तिथले डॉक्टर-कर्मचारी जिवापाड काळजी घेतात हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्यांच्याविषयी एक शब्दही वावगा बोलायचा नाही. पण हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, गार प्रवाहात बुडी मारून मासे धरणारा. मे महिन्याच्या दुपारी बाहेर डांबर वितळत असताना काचेआड सोळा ते अठरा अंश तापमान राखावे लागते, आणि ते एक दिवसही चुकवून चालत नाही. रविवारी या काचेसमोर अर्धा तास उभे राहून पाहा. रांग पुढे ढकलली जाते, दोन फोटो होतात, 'चला, चला' होते. आणायचे की नाही यावर खरी चर्चा झाली ती ते आल्यावर. तोवर ते कुठे परत पाठवणार?

याच्या उलट घडलेली गोष्टही आपल्याच देशातली आहे. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका करमणूक उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते सगळे मेले. तरी दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा कोची, दिल्ली, मुंबई अशा ठिकाणी डॉल्फिनच्या खेळांचे प्रस्ताव निघाले. या वेळी लोक आधीच बोलले. देशभरातल्या प्राणीमित्र संस्था, कोचीचे नागरिक, शास्त्रज्ञ यांनी प्रस्ताव कागदावर असतानाच हरकती घेतल्या, आणि १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढले : करमणूक, प्रदर्शन किंवा माणसांशी खेळ यांसाठी डॉल्फिन-देवमासे आणण्याचा, पकडण्याचा कोणताही प्रस्ताव, मग तो खासगी असो की सरकारी, राज्यांनी मान्य करू नये. कॅनडाने असा कायदा केला २०१९ मध्ये, फ्रान्सने २०२१ मध्ये. आपण परिपत्रकाने का होईना, त्यांच्या आधी हे पाऊल उचलले, आणि हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही! आमच्या सभेतही निम्म्या लोकांनी ते पहिल्यांदाच ऐकले.

डॉल्फिन हुशार, हसऱ्या तोंडाचा, म्हणून त्याची बाजू घेणारे मिळाले. मुशीची बाजू कोण घेणार? पाकट माशाची तर गिरगावात उलटीच कीर्ती. २०१३ च्या विसर्जनात चौपाटीवर त्याने कितीतरी जणांना दंश केला, त्यांतले दोघे-तिघे आपल्या मंडळाचे आहेत आणि अजून ते किस्से सांगतात. (त्यातल्या एकाने ठरावाच्या बाजूने हात वर केला, दुसऱ्याने नाही.) पण कोंडून ठेवल्यावर हाल व्हायला प्राणी हसऱ्या तोंडाचा असावा लागत नाही. शार्कच्या काही जातींना श्वास चालू ठेवायला सतत पुढे पोहत राहावे लागते. त्यांच्यासाठी भिंत म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. कॅलिफोर्नियातले माँटेरी बे मत्स्यालय हे जगातल्या नावाजलेल्या, पैशाने आणि तज्ज्ञांनी भरलेल्या संस्थांपैकी एक. त्यांनी २००४ ते २०११ या काळात ग्रेट व्हाइट शार्कची सहा पिल्ले ठेवून पाहिली. सगळ्यांत जास्त टिकली ती पहिली, १९८ दिवस. तिने टाकीतल्या दुसऱ्या दोन शार्क मारल्या, मग तिला समुद्रात सोडून दिले. पुढे त्यांनी तो प्रयत्नच थांबवला. त्यांना जे जमले नाही ते आपण कंत्राटदाराकडून करून घेणार?

कासवांचे तर आपल्या कोकणातच रोज नवे कळते आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये बागेश्री नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले होते. ती खाली उतरत गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरलाच अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर २०२१ मध्ये ओडिशात लावलेली धातूची पट्टी सापडली. म्हणजे दोन्ही किनारे तिच्या अंगणात येतात. आता हाच प्राणी खोलीएवढ्या पाण्यात गोल गोल फिरताना दाखवून मुलांना आपण 'कासव' शिकवणार.

माशांबद्दल एवढेच. घरातल्या टाकीतले गोड्या पाण्याचे मासे बहुतेक पैदाशीचे असतात. खाऱ्या पाण्याचे शोभेचे मासे मात्र बहुतांश प्रवाळातून पकडून आणलेले. फिलिपिन्स, इंडोनेशियात ते पकडायला सायनाइड मारतात. मासा गुंगतो, आजूबाजूचे प्रवाळ मरते. टाकी कितीही चांगली बांधा, ती यंत्रांवरच चालते, हेही लक्षात असू द्या. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातली दहा लाख लिटरची टाकी फुटली. आत सुमारे पंधराशे मासे होते, जवळपास सगळे गेले.

आता सभेत सर्वाधिक गाजलेला प्रश्न. 'सुरमई खाता आणि पाकटाचा पुळका?' प्रश्न रास्त आहे. आमचे बहुतेक सभासद मासे खातात, श्रावण संपायची वाट बघत खातात, आणि या आवाहनाचा मसुदा ज्या रविवारी झाला त्या दिवशीही खाऊनच बसले होते. खाण्यासाठी मारणे आणि बघण्यासाठी आयुष्यभर कोंडणे यांत फरक आहे असे आमच्यातल्या बहुतेकांना वाटते. काहींना तो पटत नाही, आणि ते तरीही आमच्याबरोबर आहेत. मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांशी आमचे काहीही भांडण नाही. उलट जाळ्यात अडकलेले कासव किंवा व्हेल शार्क सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. एक हात जाळे कापून सोडायला पैसे देतो आणि दुसरा हात टाकीत ठेवायला पैसे मोजतो, हे जुळत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

मग मुलांनी समुद्र पाहायचा कुठे? समुद्रावर! उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी खूप मागे जाते तेव्हा हाजी अलीच्या बाजूच्या खडकांवर सकाळी उतरा. डबक्यात हाताच्या पंजाएवढे समुद्रफूल उघडलेले असते. त्यावर सावली पडली की ते मिटते. शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे एकमेकांच्या शंखांवर डोळा ठेवून असतात. नशीब असेल तर दगडाच्या रंगाचा ऑक्टोपस दिसतो, आणि दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होतो. मुंबईत जिवंत प्रवाळही आहे : किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या. तिकीट नाही, काच नाही, फक्त कशालाही उचलायचे नाही आणि दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा, एवढा नियम. नव्या इमारतीत याच किनाऱ्याची ओळख, प्रतिकृती, चित्रफिती आणि जखमी कासवांवर उपचार करून त्यांना परत सोडण्याची सोय झाली, तर मंडळ ढोल-ताशा घेऊन उद्घाटनाला येईल. डहाणूला असे उपचार केंद्र चालते, ऐरोलीला खाडीवर सागरी जैवविविधता केंद्र आहे. नमुना शोधायला परदेशात जायची गरज नाही.

आता मदतीचे.

सगळ्यांत आधी कागद. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, पण उत्तरात तीनशे पाने आली तर पानाला दोन रुपये. निविदेची कागदपत्रे इंग्रजीत आणि जाडजूड असतात. ती वाचून दोन पानांत सोप्या मराठीत सांगणारी माणसे हवीत. निवृत्त अभियंत्यांनी तर जरूर यावे : पाणी गार ठेवायची यंत्रे, गाळण्या, पंप, वीज गेल्यावर काय, वर्षाचा खर्च किती, हे आमच्यातल्या कोणाला कळत नाही, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. एक वकील आणि सागरी जीवांचा एक अभ्यासक आम्हाला विनामूल्य मदत करत आहेत. पशुवैद्य अजून मिळालेला नाही.

दुसरे, शाळा. महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गाला किनाऱ्यावर नेऊन आणायला बस, नाश्ता आणि जाणकार वाटाड्याचे मानधन धरून साधारण सहा हजार रुपये लागतात. एका कुटुंबाने किंवा सोसायटीने एका वर्गाचा खर्च उचलला तर उत्तम. घरात लहान झालेले, जाड रबरी तळव्याचे बूट असतील तर तेही आणून द्या. शेवाळलेल्या खडकांवर मुले चपलेने घसरतात.

तिसरे, गणपती. यंदाचा देखावा याच विषयावर आहे. मंडपाच्या छताला ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरपर्यंत दिव्यांची माळ, आणि खाली मधोमध एक रिकामी काचेची टाकी. ज्यांनी कुठे मत्स्यालयाचा बोगदा पाहिला आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. सुतारकाम, वायरिंग आणि रात्रीची जागरणे यांना हात कमी पडत आहेत. देखाव्यासमोर हरकतीचे छापील अर्ज ठेवले जातील. ते वाचून, पटले तरच सही करावी. वर्गणी मागायला येणारी मुले या कामासाठी वेगळे पावतीपुस्तक घेऊन येतील. गणपतीची वर्गणी आणि या मोहिमेची देणगी एकत्र करू नये, हा ठरावाचाच भाग आहे.

देणगी ५०० रुपयांपासून स्वीकारली जाईल. कमी द्यायची असेल तर संकोच न करता डब्यात टाका. दोन हजारांच्या वरची रक्कम धनादेशानेच. प्राप्तिकरात सवलत देणारे प्रमाणपत्र मंडळाकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मत्स्यालयाच्या कामात ज्यांचा व्यवसाय गुंतला आहे अशा कोणाचीही देणगी घेतली जाणार नाही, कोणत्याही पक्षाची घेतली जाणार नाही, आणि जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लागेल. परगावी-परदेशी गेलेल्या गिरगावकरांनी खात्याचा तपशील आपल्या इथल्या नातेवाइकांमार्फत कार्यालयातून मागवून घ्यावा. फिरत्या संदेशांतल्या कोणत्याही क्रमांकावर पैसे पाठवू नयेत.

कार्यालय रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडे असते. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला, वाडीच्या सभागृहात. विरोधी मत असलेल्यांनीही यावे, आणि मे महिन्यात राणीच्या बागेत जाऊन आलेल्यांनी मुलांना बरोबर आणावे, त्यांना काही विचारायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कार्यकारी समिती व सर्व सभासद