चार अक्षरांचे नाव आणि हागार

महोदय,

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांवरील मराठी लेखांत देवाचे नाव अनेकदा 'यहोवा' असे छापले जाते. हिब्रू शास्त्रात ते य-ह-व-ह या चार व्यंजनांत आहे. ज्यू भाविक ते उच्चारत नाहीत. वाचताना 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू' म्हणतात. या शब्दाच्या स्वरखुणा त्या चार व्यंजनांना जोडल्या गेल्या आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी दोन्ही एकत्र वाचल्याने 'यहोवा' हे रूप तयार झाले. व्हॅटिकननेही २००८ मध्ये उपासनेत हे चार अक्षरी नाव उच्चारू नये असे कळवले. मराठी बायबलमधले 'परमेश्वर' मला म्हणूनच योग्य वाटते.

या चर्चेत बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली हागार मात्र हरवते, याचे फार वाईट वाटते. अब्राहामाच्या पत्नीची मिसरी (इजिप्तची) दासी, गरोदर, मालकिणीच्या छळाला कंटाळून रानात पळालेली. शास्त्रात देवाला स्वतःहून नाव देणारी पहिली व्यक्ती तीच: 'एल-रोई', मला पाहणारा देव. अब्राहाम नव्हे, मोशे नव्हे, ही परकी बाई! आपल्या पुरवणीत तिच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, वसई