गावकीच्या खोलीची वही भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या) चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात त्या आम्ही चाळवाले शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्यासुद्धा मिळाल्या, त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या बायकांनी जन्मभर मजल्याच्या टोकाला संडासासाठी लाईन लावली त्यांच्यापुढे जुन्या चाळीचे गोडवे गाण्याचा कुणाला हक्क नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे, ते खोलीतल्या सामानाबद्दल आहे.

माझे आजोबा कोल्हापूरकडच्या आजरा तालुक्यातून गिरणीत कामाला आले तेव्हा त्यांचं मुंबईतलं पहिलं घर म्हणजे डिलाईल रोडच्या (म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाच्या) बीडीडीतली गावकीची खोली. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज, तिकडे कोकणातलीही कितीतरी गावं, या सगळ्यांच्या गिरणगावात अशा खोल्या होत्या आणि काही अजून आहेत. कागदावर नाव एकाचं पण हक्क अख्ख्या गावाचा, गावातला कुणीही पोरगा एसटीतून उतरला की पेटी घेऊन सरळ तिथं यायचा, दरमहा ठरलेली वर्गणी द्यायचा, जेवण खानावळीत आणि झोप आपल्या पाळीप्रमाणे. आमच्या खोलीत एका वेळी वीस-बावीस माणसं असायची असं आजोबा सांगायचे, ती मावायची कारण तिघांच्या पाळ्या तीन वेगवेगळ्या, एक उठून गिरणीत गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आपली वळकटी पसरायचा. भिंतीला फळ्या, फळ्यांवर कुलूप लावलेल्या पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव. बस, एवढीच मालमत्ता!

या खोलीची एक वही होती, सुदैवानं ती आमच्या घरी राहिली. लाल बासनात बांधलेली, बरीचशी पानं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली, ती पेन्सिल जिभेला लावून लिहायचे म्हणून काही अक्षरं गडद आणि काही पुसट. त्यात भाडं आणि दिवाबत्ती तर आहेच, पण त्याच पानांवर गावच्या देवळाच्या कळसाची वर्गणी आहे, शाळेच्या कौलांचे पैसे आहेत, आजारी पडलेल्या एकाला गावी पोचवायचं गाडीभाडं आहे, सप्ताहाच्या पखवाजाला शाई भरल्याचा खर्च आहे. म्हणजे आमच्या गावात जे काही उभं राहिलं त्यातलं निम्मं-अर्धं या १६० फुटांतून गेलंय, आणि गावात कुठल्याही पाटीवर हे लिहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो ते १९८२ च्या पानांवर. १८ जानेवारीला संप सुरू झाला, मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यानंतर वहीत महिन्यामागून महिने नावापुढे रक्कम नाही, फक्त ‘येणे’. नाव मात्र एकाचंही कमी केलेलं नाही, पेटी कुणाचीच खाली काढलेली नाही. भाडं भरलं ते जे दुसरीकडे हमालीला किंवा वॉचमनकीला लागले त्यांनी. पुढे एका सभेचा ठराव आहे की संपातली बाकी माफ करण्यात येत आहे, खाली सह्या आणि तीन अंगठे. संपावर भाषणं खूप झाली, पण माणसं तगली कशी हे मला या तीन ओळींत जास्त कळलं.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनीही संपात उधारीवर जेवू घातलं, त्यांच्या उधारीच्या वह्या कुणाकडे असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तो इतिहास निदान नोंदवला गेलाय. गावकीच्या खोल्यांचं तसं झालेलं नाही.

आता चाळी रिकाम्या होतायत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या. ट्रान्झिटला, म्हणजे नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत जाताना घाईत सामान आवरतात, पेट्या पत्र्याच्या भावानं जातात आणि आतल्या वह्या रद्दीत. आमच्याच चाळीत एका गावकीच्या मंडळाची जुनी कागदपत्रं अशी टेम्पोत गेली, कुणी वाईट हेतूनं नाही, कुणाला वाटलंच नाही की ती कुणाच्या कामाची असतील.

चाळीचं संग्रहालय करायची चर्चा होत असते, ते व्हायलाच पाहिजे. पण एक खोली रंग देऊन, त्यात स्टोव्ह आणि पितळी हंडा मांडून भागणार नाही. खोली रिकामी करून घेताना प्रत्येक मंडळाला विचारा की तुमच्याकडे वही, सभेचे ठराव, वर्गणीची पावतीपुस्तकं, भजनी मंडळाचे फोटो आहेत का, ते स्कॅन करून घ्या आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत द्या. गावाकडच्या ग्रामपंचायतींनीही एक प्रत मागून घ्यावी, कारण तो त्यांचाही हिशोब आहे.

आमची वही आम्ही या दिवाळीत गावी नेऊन पूर्ण स्कॅन करतोय. सह्यांमधली काही नावं आम्हाला लागत नाहीत, ती ओळखणारी दोन म्हातारी माणसं गावात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

आपला,
गिरणी कामगाराचा एक नातू,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई